दीड मिलिमीटरचा माणूस

एसटीची वेडी माणसं महाराष्ट्रभर आहेत, पण बीड जिल्ह्यात हे वेड जरा जास्तच मुरतं. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, धारूर, पाटोदा, आष्टी अशी आठ आगारं, आणि परळीकडचा भाग सोडला तर रेल्वे कालपरवापर्यंत नुसती भाषणात. शाळेला, बाजाराला, मुलगी बघायला आणि मग घरच्यांना विचारून कळवायला, सगळीकडे एसटीनंच जायचं. अशा जिल्ह्यात एखादा गृहस्थ सनबोर्ड, कटर आणि फेव्हिक्विक घेऊन घरातच एसटी बांधायला बसला, तर नवल कसलं?

गाडी उभी करणं त्यातल्या त्यात सोपं. माणसाची खरी जात कळते ती अक्षरं रंगवताना.

खरी गाडी साधारण अकरा मीटर, याची एक फूट. म्हणजे तिथलं दोन इंची अक्षर इथं जेमतेम दीड मिलिमीटरचं. एवढ्याशा उंचीत 'धूम्रपान मनाई आहे' बसवायचं. ध बुजला नाही पाहिजे, ऊकार घसरला नाही पाहिजे, म्र हा म्रच दिसला पाहिजे आणि सगळं बिऱ्हाड एका शिरोरेषेला लटकलं पाहिजे. अनुस्वार ब्रशनं देतो तो नवशिका. मुरलेला माणूस टाचणीच्या टोकानं देतो. अक्षर जाड झालं तरी पुसत नाही, मागच्या रंगानं कडेकडेनं कापत आणतो.

ब्रशवर शून्यं असतात. शून्यं वाढतील तसा ब्रश बारीक. एवढी शून्यं पगारात असती तर, असं बायको दर महिन्याच्या अखेरीस म्हणते. सुरुवातीला हाही पाच शून्यांच्या मागे लागला होता. मग कळलं, की अतिबारीक ब्रशात रंगच मावत नाही, अक्षरापर्यंत पोचेस्तोवर टोकावरच वाळतो. आता दोन शून्यांचा वापरतो, पण टोक इतकं पारखून घेतो, की दुकानदार याला बघितलं की ब्रशचा डबा काउंटरखाली सरकवतो. हा प्रत्येक ब्रश चाटून बघतो.

रंग वाळू नये म्हणून पंखा बंद. बीडचा मे महिना आणि पंखा बंद! घामाचा थेंब 'बहुजन हिताय'वर पडू नये म्हणून कपाळाला पंचा. दारातून आवाज येतो, "अवो, गॅस संपलाय म्हनलं." हा डाव्या हातानं 'थांब' अशी खूण करतो, तोंड उघडलं तर श्वास सुटेल आणि श्वास सुटला की वेलांटी गेली. 'संकटकालीन मार्ग' पुरा होईपर्यंत शेजारणीच्या चुलीवर भाकरी होऊन येते.

नंबरप्लेटचा विषय त्याच्यासमोर जपून काढावा. बीडची गाडी म्हणून कुणी एमएच २३ लिहिलं, तर तो माणूस त्याच्या हिशेबी संपला. एसटीची गाडी आगाराच्या गावाची नसते. तिचा नंबर ती जिथं बांधली त्या कार्यशाळेचा. चिकलठाण्याची एमएच २०, दापोडीची एमएच १४, नागपुरात हिंगण्याची एमएच ४०. हे ऐकून पाहुणा चहा अर्धा टाकून उठतो. एकदा हे गृहस्थ बीडच्या स्थानकावर सासूबाईंना घ्यायला गेले आणि गाडीच्या मागच्या बाजूचे फोटो काढून परत आले. सासूबाई रिक्षानं आल्या.

बघायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले. पहिला, "चालती का?" दुसरा, "केवढ्याला देनार?" तिसरा मात्र वर्मी लागतो: "हे अक्षरं प्रिंट काढून चिटकवले तर?" त्यावर तो काही बोलत नाही, फक्त गाडी कपाटात ठेवतो. त्याचं म्हणणं, आगारातल्या पेंटरनं हातानं काढलेली पाटी जशी डावीकडं ऐसपैस आणि उजवीकडं दाटीवाटीची असते, तशीच आली पाहिजे. 'बीड–अंबाजोगाई, मार्गे मांजरसुंबा, केज' यातला 'केज' कोपऱ्यात चेंगरलेला दिसला, तरच पाटी खरी. म्हणजे हा पेंटरची चूकसुद्धा मापात काढतो. माझ्या मते त्याची सगळी कला या चेंगरलेल्या 'केज'मध्ये आहे.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड–अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली होती १९९५ साली, त्यामुळे लोकांनी स्थानकावर गर्दी केली. हे गृहस्थही गेले होते, पण गाडीकडे पाठ करून फलाटावरची पाटी बघत उभे. बीडचं नाव तिथं तीन भाषांत. घरी आल्यावर त्यांनी पंखा बंद केला.

तेव्हा अशा कुणाच्या घरी गेलात, तर गाडी हातात घेऊ नका, शिंकू नका आणि पंख्याचं बटण शोधू नका. डोळ्याला भिंग लावून एक पाटी वाचा आणि मोठ्यानं वाचून दाखवा.