दीड मूर्ती

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये संध्याकाळी जमणाऱ्या निवृत्त मंडळींत सध्या एक कुत्रा बसतो. तो भरुचकडचा. आमच्या शेजारच्या काकांनी उभा जन्म स्टील प्लांटच्या शिफ्टा केल्या आणि पेन्शन सुरू झाल्यावर पाठीवर सॅक टाकून नर्मदा परिक्रमेला निघाले. अमरकंटकला परिक्रमा उचलायची, नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, दक्षिण तटाने समुद्र गाठायचा, नावेने पलीकडे जायचं आणि उत्तर तटाने परत अमरकंटक. नदी १३१२ किलोमीटरची, चालणं त्याच्या दुपटीच्या वर. हा प्राणी त्यांना भरुच मागे पडल्यावर भेटला आणि ‘पुढच्या गावापर्यंत येतो’ अशा चेहऱ्याने थेट अमरकंटकपर्यंत आला.

आश्रमात माणसं मोजताना विचारत, “कितनी मूर्ती?” काका सांगत, “डेढ.” सदाव्रताचा शिधा मात्र एकाचाच मिळे, आणि टिक्कडाची वाटणी निम्मी-निम्मी होई.

कुत्रा घेऊन भटकण्याची परंपरा आपल्याकडे थोर आहे. दत्तगुरूंचं स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. सामान म्हणजे एक झोळी, सोबतीला चार कुत्री. पण त्यांचा फेरा संपतच नाही, त्यामुळे पुढचा प्रश्न येत नाही. युधिष्ठिराचा प्रवास संपला. स्वर्गाच्या दाराशी इंद्राने हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं बजावलं, कुत्रा चालणार नाही. युधिष्ठिर हटला नाही, आणि कुत्रा साक्षात धर्म निघाला. मला यात व्यासांची मोठी सोय दिसते. तो नुसताच कुत्रा निघाला असता, तर त्याला पहाटे नंदनवनात फिरवायचं कोणी आणि अप्सरांच्या पादुका शोधायच्या कोणी, यावर एक जादा पर्व लिहावं लागलं असतं.

काकांच्या वाट्याला ते जादा पर्व आलं. भिलाईला परतायला पेंड्रा रोडहून आगगाडी होती. पण रेल्वेत कुत्र्यासाठी फर्स्ट एसीचा आख्खा कूपे घ्या, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत कोंडा. काकांनी जीप केली.

त्याआधी त्यांनी परिक्रमेची रीतसर सांगता केली होती. कन्याभोजन झालं, कढई झाली. शिरा कुत्र्यानेही खाल्ला, पण तो समारोपाचा आहे हे त्याला कोणी सांगितलं नाही. सॅक माळ्यावर गेली तरी तो पहाटे चारला दाराशी उभा. काकूंची मऊसूत पोळी हुंगून सोडतो. टिक्कड असेल तर बोला. आणि सेक्टरच्या सरळसोट रस्त्यांवर नाली उजव्या हाताला ठेवूनच चालतो. काकांनी बाजू बदलली की बसकण मारतो.

परवा सिविक सेंटरमध्ये गुपचुप, म्हणजे आपली पाणीपुरी, खाता खाता एका निवृत्त फोरमनने निकाल दिला. “परिक्रमा जिथे उचलली तिथेच पुरी होते ना? तुम्ही उचलली अमरकंटकला. याने भरुचला. तुमची झाली. याचा सगळा दक्षिण तट बाकी आहे!”

काकांना उत्तर सुचेना. ते कुत्र्याकडे बघू लागले, कुत्रा त्यांच्या बुटांकडे.

भाजीची पिशवी घेऊन आलेल्या काकूंनी शेवटचं तेवढंच ऐकलं. म्हणाल्या, “चातुर्मास संपू दे, मग जा. पण या खेपेला तो पूर्ण मूर्ती, अर्धे तुम्ही.”