अक्रोडोपदेशक

भोर व वेल्हे या तालुक्यांत (वेल्ह्याचे नाव आता सरकारदप्तरी राजगड असले, तरी बोलण्यात वेल्हेच चालते) दहावीच्या परीक्षेचा मोसम आणि अक्रोडोपदेशकाचा मोसम एकच असतो. अक्रोडोपदेशक म्हणजे स्मरणशक्ती व एकाग्रता यांसाठी इतरांनी काय खावे हे अखंड सांगणारा, बहुधा निवृत्त शिक्षक असलेला आणि सदऱ्याच्या डाव्या खिशात एकच, कधीही न फोडलेला अक्रोड बाळगणारा गृहस्थ होय; वर्षानुवर्षे हाताळल्याने त्या अक्रोडाला देवघरातल्या शाळिग्रामाची तकाकी आलेली असते.

हा अक्रोड बाहेर पडण्यास निमित्त लागत नाही. स्वारगेटच्या एसटीत वाहक सुटे पैसे द्यायला विसरला, की अक्रोड निघतो, लग्नात नवरदेवाला उखाणा आठवेना, की पंगतीतून अक्रोड निघतो, राजगडाच्या पद्मावती माचीवर धापा टाकणाऱ्या मुंबईकराने "हाच ना तोरणा?" असे विचारले, तरीही अक्रोडच निघतो. "वरून कवटी, आत दोन अर्धगोल, त्यांना घड्या, निसर्गानेच लिहून ठेवलंय!" हे भाष्य ठरलेले. जे अवयवासारखे दिसते ते त्या अवयवास पोषक, ही आकारसाम्याची समजूत युरोपातही शतकानुशतके चालली, तिला भोरच्या आठवडे बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या एका म्हातारीने दिलेले उत्तर मात्र कोणत्याही ग्रंथात नाही: "मास्तर, मेंदूवानी दिसतं म्हून मेंदू वाढत आसंल, तर मंग पडवळ खाऊन काय वाढायचं?"

म्हातारीची बाजू तिला वाटली त्याहून भक्कम होती. अक्रोडात ओमेगा-३ असते हे खरे. परंतु ओमेगा-३ हे एक द्रव्य नसून मेदाम्लांचे कुटुंब आहे, त्यातील वनस्पतिज मेदाम्लाचे शरीरात फारच थोडे रूपांतर डीएचएमध्ये, म्हणजे मेंदूतील पेशींच्या आवरणात प्रत्यक्ष आढळणाऱ्या मेदाम्लात होते, आणि हे डीएचए ज्या मासळीत आयते मिळते ती कोकणातून घाट चढून म्हातारीच्या पाटीत आलेली असते. शाकाहाराचा आग्रह धरला, तरी त्या वनस्पतिज मेदाम्लात जवस अक्रोडाहून सरस ठरते, आणि जवसाची चटणी उपदेशकाच्या स्वतःच्या ताटात रोज वाढली जाते, खिशासारखीच डावीकडे; तिच्याविषयी मात्र त्याने आजवर अवाक्षर काढलेले नाही.

शिवाय मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्केच असले, तरी विश्रांतीतही तो शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो, तीही मुख्यतः ग्लुकोजच्या, म्हणजे भात-भाकरीतल्या पिष्टापासून रक्तात उतरणाऱ्या साखरेच्या रूपाने. त्यामुळे हिर्डोशीच्या खोऱ्यातून किंवा तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीतून पहिल्या गाडीने निघालेल्या मुलापुढचा प्रश्न अक्रोडाचा नसून नाचणीच्या भाकरीचा असतो. तालुक्याचे नाव बदलले, पहिल्या गाडीची वेळ बदललेली नाही.

उपदेशकाला यातले काही कळत नाही, असे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो. परीक्षेच्या सकाळी केंद्राच्या फाटकाशी तो सर्वांच्या आधी उभा असतो. पालक "पेपर नीट लिही" म्हणतात, शिक्षक हॉल तिकीट विचारतात, आणि "काय खाऊन आलीस गं?" एवढे विचारणारा त्या गर्दीत तो एकटाच. "कोरा चहा" असे उत्तर आले, की त्याचा हात सवयीने डाव्या खिशाकडे जातो, तेथे घुटमळतो, आणि मग खांद्यावरच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला शेंगदाण्या-गुळाचा लाडू बाहेर येतो. निसर्गाने काय लिहून ठेवले आहे, हे तो त्या वेळी सांगत नाही. कोऱ्या चहावर गणिताचा पेपर कसा जातो, हे त्याला कधीकाळी कळलेले असावे. पहिली घंटा होईपर्यंत पिशवी रिकामी झालेली असते आणि त्या लाडवांचा हिशेब घरी दिला जात नाही. अक्रोड खिशातच राहतो; तो पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवायचा असतो.