गोदामाला छप्पर, चालकाला आभाळ

भिवंडीची गोदामे मुंबई-नाशिक महामार्गाने पडघा, वाशिंदकडे सरकली, कारण तिथली भातखाचरे स्वस्त होती आणि भात काही दरमहा भाडे देत नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवण्याची गरज ओसरली आणि शेड अवाढव्य झाल्या. ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला. नागपूरहून सुसाट आलेल्या ट्रकला पुढे ठाण्याकडे जाताना सक्तीची विश्रांती मिळते. तिला वाहतूककोंडी म्हणतात. गोदामात माल रॅकवर, बारकोड लावून, कोरडा. फाटकाबाहेर चालक ट्रकच्या आडोशाला स्टोव्ह पेटवतो, डाळभात शिजवतो आणि नंबर लागण्याची वाट पाहतो. प्रसाधनगृह आत असते, गेटपास असणाऱ्यांसाठी. या खोळंब्याचे पैसे चालकाच्या हाती क्वचितच पडतात.