पाकिटावर न छापलेला आकडा

पायपिंग बॅग फुटते ती बहुतेक वेळा उभ्या जोडावर. नोझलच्या चार बोटं वर प्लॅस्टिक आधी ताणून पांढुरकं होतं, तिथून क्रीमचा बारीक धागा बाहेर येतो आणि पुढच्या दाबाला अख्खी बाजू उकलते. तोवर केकची खालची बॉर्डर निम्मी झालेली असते. नोझलमधून यायचं ते क्रीम मनगटावर, टर्नटेबलवर आणि नुकत्याच स्क्रेपर फिरवून गुळगुळीत केलेल्या बाजूवर पडतं. हे किरकोळ आहे असं मला वाटत नाही. घरून केक करून विकणाऱ्या आम्हा बायकांपैकी कुणीच ते किरकोळ मानू नये. या फुटण्याचा सगळा भुर्दंड आम्ही भरतो आणि दोषही आमच्याच हाताला लागतो.

भुर्दंड काय असतो ते नीट सांगते. पडलेलं क्रीम पॅलेट नाइफने उचलता येतं, डाग मात्र राहतो. पांढऱ्यावर लाल किंवा निळा पडला असेल तर तो झाकायला वरून दुसरा थर द्यावा लागतो, आणि तो थर बसेपर्यंत केक पुन्हा फ्रिजमध्ये. बॅगेत उरलेलं क्रीम दुसऱ्या बॅगेत भरावं म्हटलं तर हाताच्या उबेने ते सैल झालेलं असतं. आपल्याकडे बहुतेक ऑर्डरी नॉन-डेअरी व्हिप क्रीमच्या. ते गोठवलेल्या पाकिटात येतं, फ्रिजमध्ये सोडवून फेटलं की तिपटी-चौपटीने फुलतं, आणि एकदा फुललं की त्याला फार हाताळून चालत नाही. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं की त्यातली हवा जाते आणि फुलाच्या कडा फाटक्या यायला लागतात. एप्रिल-मेमध्ये तर हे बघता बघता होतं.

रंगाचं दुखणं याहून मोठं. जेल कलर घातलेलं बटरक्रीम ठेवल्यावर गडद होत जातं. लाल, काळा, गडद निळा हे रंग काही तास मुरले की मगच खरे दिसतात, म्हणून आम्ही ते आदल्या रात्री कालवून ठेवतो. संध्याकाळी सहाला केक न्यायला येणार आणि चारला बॅग फुटली, तर नव्याने कालवलेला लाल कालच्या लालाशी जुळत नाही. केकची पुढची बाजू एका छटेची आणि मागची दुसऱ्या छटेची होते. गिऱ्हाईक काही बोलत नाही, पण फोटोत ते दिसतं, आणि पुढची ऑर्डर त्या फोटोवरच ठरते. दोन रंग शेजारी शेजारी भरलेली बॅग गेली तर काहीच वाचवता येत नाही. दोन्ही रंग एकमेकांत जातात आणि ते क्रीम टाकून द्यावं लागतं.

एवढं झाल्यावर सामानाच्या दुकानात सांगायला जावं, तर उत्तर ठरलेलं. “ताई, हात जरा हलका ठेवा.” नाहीतर, “क्रीम घट्ट झालं असेल.” नाहीतर, “जास्त भरली असणार तुम्ही.” क्लासमध्येही हेच ऐकवतात. हे तिन्ही सल्ले योग्य आहेत आणि मी ते पाळते. बॅग दोन-तृतीयांशाच्या वर भरत नाही. वरचं टोक पिळून दाब वरूनच देते, बॅग मध्यावर मुठीत आवळत नाही. आयसिंग शुगर दोनदा चाळते, कारण कॉर्नफ्लोअर घातलेलं असूनही पावसाळ्यात ती गुठळ्या धरते, आणि मोहरीएवढी गुठळी नोझलच्या तोंडाशी अडकली की मागचा सगळा जोर प्लॅस्टिकवर येतो. चांदणीच्या नोझलची पत्र्याची धार आतून लागू नये म्हणून कपलर बसवते. तरी एकाच पाकिटातल्या काही बॅगा अख्खा केक पार पाडतात आणि काही पहिल्याच फुलाला जातात. हात तोच, क्रीम तेच, नोझल तेच. मग फरक बॅगेतच असला पाहिजे, आणि हे दुकानदारांनी आणि बनवणाऱ्यांनी मान्य करायला हवं.

तो फरक कुठे असणार, हेही सांगता येतं. एकदा वापरून टाकायची बॅग म्हणजे प्लॅस्टिकची पातळ फिल्म, तिकोनी कापून कडेला उष्णतेने जोडलेली. जोड पुरेसा तापला नाही तर दोन्ही पदर नुसते चिकटतात, एकजीव होत नाहीत. जास्त तापला तर जोडालगतची फिल्म वितळून पातळ होते. दोन्ही प्रकारांत फाटायची जागा एकच. त्यात दाबाचं गणित आमच्या विरुद्ध जातं. आत दाब असलेल्या पातळ नळीत परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो, म्हणून नळी फाटते ती उभी. इंजिनिअरिंगला बॉयलरच्या पत्र्यासाठी हे शिकवतात. बॅग खाली निमुळती असली तरी नियम तोच लागतो. आणि बॅगेचा जोड असतो नेमका उभा; म्हणजे सर्वांत जास्त ताण सर्वांत कच्च्या जागेवर. हा ताण त्रिज्येबरोबर वाढतो आणि जाडीबरोबर कमी होतो. १२ इंची आणि १८ इंची बॅग एकाच जाडीच्या फिल्मची असेल, तर तेवढ्याच दाबाला मोठी आधी जाणार. नवशिक्या मुली मोठ्या ऑर्डरीला मोठी बॅग घेतात. मोठी म्हणजे मजबूत असं त्यांना वाटतं, आणि कुणी त्यांना उलटं सांगत नाही.

घट्ट पिठाला तर या बॅगा वापरूच नयेत असं माझं मत झालं आहे. बटर कुकीजचं पीठ चांदणीच्या नोझलमधून पाडायचं म्हणजे दोन्ही हातांचा जोर लागतो. चकलीचं पीठ त्याहून घट्ट, पण तिथे आपण पितळेचा किंवा स्टीलचा सोऱ्या घेतो. जोर पत्र्याने झेलायचा आणि पीठ चकतीतून उतरायचं, ही व्यवस्था आपल्या स्वयंपाकघरात कधीची आहे. कुकीजनाही हाताचं प्रेस मिळतं. तरीही पाकिटावर केक, कुकीज, बटाट्याचं पुरण अशी सगळी चित्रं छापतात आणि घेणारीने तेवढ्यावर विश्वास ठेवावा असं धरून चालतात.

सगळ्यात जास्त मनस्ताप होतो तो नाव लिहिताना. रोमन लिपीतली अक्षरं जरा जाड आली तरी वाचता येतात. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात. ‘श्रद्धा’, ‘ज्ञानेश’, ‘ऐश्वर्या’ ही नावं अर्ध्या किलोच्या केकवर, फुलं सोडून उरलेल्या जागेत बसवायची तर बारीक, १ किंवा २ नंबरचं नोझल लागतं. भोक लहान झालं की लागणारा दाब झपाट्याने वाढतो. पाण्यासारख्या द्रवाचा नियम असा की नळीचा व्यास निम्मा केला तर तेवढाच प्रवाह मिळवायला १६ पट दाब लागतो. क्रीम पाण्यासारखं वागत नाही आणि लिहायला प्रवाहही थोडा लागतो, पण कल तोच राहतो. ‘द्ध’ची गाठ वळवताना बॅग उकलली की अक्षर जातं, त्याच्याखालचा पृष्ठभाग जातो, आणि ज्या मुलीचा वाढदिवस आहे तिच्या नावावरच डाग पडतो. मुलांना केकवरचं स्वतःचं नाव फार महत्त्वाचं असतं. आधी ते वाचतात, मग मेणबत्तीकडे बघतात.

नावासाठी मी बटर पेपरचा कोन वापरते आणि शिकायला येणाऱ्या मुलींनाही तोच करायला लावते. कागदाचा त्रिकोण कापायचा, टोक धरून गुंडाळायचा, वरची कड आत दुमडायची. गुंडाळल्यामुळे भिंत एकापेक्षा जास्त पदरांची होते, आणि उष्णतेने जोडलेली कड कुठेच नसते. कोन लहान असल्यामुळे त्याच्यावर ताणही कमी येतो. दोन-तीन चमचे क्रीम मावतं, एका नावाला तेवढं पुरतं. मेंदीचे कोन वळलेल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. पण कागद ओलसर होतो, फार वेळ टिकत नाही, आणि अख्खी बॉर्डर त्याने काढता येत नाही. बॉर्डरला बॅग लागतेच.

आता तर बॉर्डरच बॉर्डर असलेले केक मागतात. लॅम्बेथ पद्धत पुन्हा फॅशनमध्ये आली आहे. हृदयाच्या आकाराचा केक, कडेने झालर, झालरीवर दुसरी झालर, मधे लोंबत्या माळा, माळांच्या गाठींवर फुलं. जोसेफ लॅम्बेथ यांचं या सजावटीवरचं पुस्तक १९३४ सालचं. नव्वद वर्षांनी आमच्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुली फोनवर तसल्याच केकचे फोटो दाखवतात. मला ही पद्धत मनापासून आवडते. त्यात हाताचं काम दिसतं, नुसता टॉपर खोचून भागत नाही. पण माळ उभ्या बाजूवर लोंबती ठेवायची तर क्रीम घट्ट लागतं, प्रत्येक रंगाला वेगळी बॅग लागते, आणि दोन माळा सारख्याच आल्या पाहिजेत. चौथ्या माळेला बॅग गेली आणि नवी भरून पाचवी काढली, तर हाताचा दाब आणि क्रीमचा घट्टपणा दोन्ही बदललेले असतात. मग एक माळ उठून दिसते. तिथे आधीच्या चारही माळा खरवडून पुन्हा काढण्यावाचून दुसरा उपाय मला माहीत नाही.

पर्याय आहेत, आणि ते मी वापरून पाहिले आहेत. आतून लेप दिलेली कापडी बॅग सहसा फाटत नाही. पण तिच्या शिवणीत बटरचा अंश राहतो, गरम पाण्याने धुवावी लागते, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ती आतून नीट वाळत नाही. कुबट वास आला की ती खाण्याच्या वस्तूला लावू नये, या मताची मी आहे. सिलिकॉनची बॅग चांगली, पण लॅम्बेथच्या एका केकला रंग मोजून तेवढ्या बॅगा घ्यायच्या तर खर्च बराच होतो, आणि तेलकट हातातून ती निसटते. एकात एक दोन प्लॅस्टिकच्या बॅगा घालण्याचा उपाय सगळ्याजणी करतात. तो चालतो, पण म्हणजे जाडी आम्हीच घरी वाढवून घेतो, दुप्पट पैसे देतो आणि दुप्पट प्लॅस्टिक कचऱ्यात टाकतो. क्रीमने माखलेलं ते प्लॅस्टिक सुका कचरा नेणारेही खुशीने घेत नाहीत.

जाडी हा सरकारदरबारी अनोळखी विषय नाही, म्हणून माझी तक्रार अधिक आहे. केंद्राच्या नियमांनी कॅरीबॅगची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; एवढ्या बारीक मापावर भाजीच्या पिशवीचा विचार झाला. महाराष्ट्रात तर २०१८ मध्येच प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि दुकानांत तपासण्या झाल्या. अन्नाला लागणारं पॉलिथिन कसं असावं यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १०१४६. त्याची काळजी ही की प्लॅस्टिकमधलं काही अन्नात उतरू नये. ते हवंच. पण हाताने दाबण्यासाठीच बनवलेली वस्तू किती दाब सोसते, हे सांगायला तिच्या बनवणाऱ्याला काय हरकत आहे? पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास ही पाकिटं मिळतात. मी हातात घेतलेल्या पाकिटांवर लांबी इंचांत, नग आणि किंमत असते. फूड ग्रेड असा शिक्का असतो. जाडी नसते. दुकानदाराला विचारलं तर तो बॅग दोन बोटांत चोळून, “चांगलीय, जाड आहे,” म्हणतो. त्याच्याकडेही दुसरं माप नाही, आणि त्याचा त्यात दोष नाही.

पन्नास-शंभर बॅगांचं पाकीट हे कुणाच्याच लेखी मोठं नाही. त्यासाठी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करत बसायला आमच्यातल्या कुणाला सवड नसते, कारण फुटलेली बॅग बाजूला ठेवून केक वेळेवर द्यायचा असतो. तक्रार नोंदवली जात नाही, म्हणून तक्रार नाहीच असं धरलं जातं. एका बॅगेची किंमत केकच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे, आणि तीच बॅग त्या केकमधला सगळ्यात नाजूक तास हातात धरते. जाड फिल्मला आणि चांगल्या जोडाला पैसे जास्त पडणार हे मला मान्य आहे, आणि ते मी देईन. माझ्या ओळखीच्या बायकाही देतील, कारण सध्या एकात एक दोन बॅगा घालून आम्ही ते देतोच आहोत. पण मी जाड बॅग घेते आहे की नुसती महाग, हे मला पाकीट फोडण्याआधी कळलं पाहिजे.

लांबी आणि नगाशेजारी आणखी तीन गोष्टी छापा: फिल्मची जाडी मायक्रॉनमध्ये, बॅगेचा जोड एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना, आणि ही बॅग फक्त क्रीमची आहे की कुकीच्या पिठाला आणि गरम गनाशलाही चालते. पाकिटाची मागची बाजू बहुतेक कोरीच असते. तिथे हे सहज बसेल.