यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू घरांसाठी पहिल्या गेमिंग कंप्युटरची नियमावली

व्याप्ती : कापूस-सोयाबीनवाल्या कोणत्याही घराला ही नियमावली लागू आहे. खरं तर ती माझ्या भाच्यासाठी लिहिली आहे, कारण फोनवर तो फक्त 'हो मामा' म्हणतो.

कलम १. बजेट रुपयांत मांडू नये. रुपयांत ते यूट्यूबवरची मंडळी मांडतात. घाटंजीकडे ते क्विंटलमध्ये मोजतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे पन्नास हजारांचा कंप्युटर सहा क्विंटलांच्या वर गेला, तोही हमीभाव हाती पडला तर. भाऊजींनी हा हिशेब पोराचं वाक्य संपायच्या आत केला आणि विचारलं, "अन् त्यातून काय पिकते?" या प्रश्नाला 'इंजिनीअरिंगले लागते' असं उत्तर द्यायची आपल्याकडे प्रथा आहे. देऊ नये. घरातल्या कोणालाही ते पटलेलं नसतं, आणि पुढे निकालाच्या दिवशी पहिलं नाव कंप्युटरचंच निघतं. 'गेम खेळाले पाह्यजे' असं सरळ सांगावं आणि बोलणी खाऊन घ्यावी. ती एकदाच खावी लागतात.

कलम २. 'आय-सेव्हन, सोळा जीबी, चार जीबी ग्राफिक कार्ड' हा मंत्र कानावर पडताच दुकानदाराला विचारावं : कितव्या पिढीचा? यावर तो चहा मागवतो. चहा प्यावा आणि उठावं. अशा पेटीत बरेचदा आय-सेव्हन ३७७० निघतो, २०१२ सालचा. चार कोअर, आठ थ्रेड. २०२२ च्या आय-थ्री १२१००एफमध्येही चार कोअर आणि आठच थ्रेड, तरी तो या म्हाताऱ्याला सहज मागे टाकतो. शिवाय ३७७० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सांभाळ मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. राहिलं ते कार्ड. ते जीटी ७३० असेल तर त्यात चार जीबी खरंच असतात, नसतो तो दम. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटात जे ग्राफिक्स फुकट येतं, तेही त्याहून बरं.

पोटकलम : इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड न घेता असा प्रोसेसर आणला, तर सहा क्विंटल कापूस काळ्या पडद्यासमोर बसून राहतो.

म्हणून माझा सल्ला दोन हंगामांचा आहे. या साली ५६००जी घ्यावा; त्यावर व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह नीट चालतात. पुढच्या साली पाऊस-पाणी बरं झालं तर आरएक्स ६६०० सारखं आठ जीबीचं कार्ड बसवावं. नाही झालं तर व्हॅलोरंट काही वाईट नाही.

कलम ३. रॅम आठ-आठ जीबीच्या दोन घ्याव्यात, सोळाची एकटी घेऊ नये. ५६००जीचं ग्राफिक्स रॅममधूनच काम करतं. एका काडीवर त्याची वाट अर्धी होते. पण २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली, की रॅमचे भाव भडकले. भाऊजींना हे कलम सगळ्यांत लवकर कळलं.

"भाव चढला तं आता कायले घेतं गा? उतरू दे."

"बाबा, तुम्ही कापूस ठेवला भाव चढाची वाट पाहून. मी रॅम थांबवतो उतराची वाट पाहून. दोघंही बसू."

भाऊजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हसले. माझ्या मते मंजुरी तिथंच मिळाली.

कलम ४. काचेची पेटी आणि इंद्रधनुषी दिवे : नाही.

कलम ५. एसएमपीएस. पेटीसोबत येणारा, हातात घेतला तर रिकामा वाटणारा '५०० वॉट'चा डबा दुकानातच ठेवून यावा. नाव असलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झचा, ५५० वॉटचा आत्ताच घ्यावा. पुढच्या सालचं कार्ड त्यावरच चालायचं आहे. हा डबा कोणालाही दाखवता येत नाही, मित्र त्याचा फोटो काढत नाहीत, आणि भाचा तिथंच पैसे वाचवायला निघाला होता. दिव्यांना पैसे होते! यूपीएसवर '६०० व्हीए' लिहिलेलं असतं. त्याचे वॉट साधारण ३६० भरतात. कार्ड येणार असेल तर हजार व्हीएच्या पुढचा पाहावा. यूपीएस असतो तो कंप्युटर नीट बंद करायला, मॅच संपवायला नव्हे. (हे मी स्वतःलाही सांगतो.)

आणि अर्थिंग. अनवाणी पायांनी पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ती कंप्युटरची शक्ती नसते. काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते, अर्थिंगचा रॉड कोरडा पडतो, आणि वीज जमिनीत जायला कुरकुरते. खड्ड्यात मीठ-कोळसा आहे का ते वायरमनकडून पाहून घ्यावं आणि मे महिन्यात तिथं बादलीभर पाणी ओतत जावं. घरात याला कोणी नाही म्हणणार नाही, शेजारी कढीपत्ता लावला तर.

कलम ६. जागा. भाच्याची खोली सध्या कापसाने छतापर्यंत भरलेली आहे. भाव येईस्तोवर ती तशीच राहील, आणि तोवर कंप्युटर आणू नये. कापसाचा तंतू पंख्यात, हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसतो; शिवाय कापसाच्या ढिगाशेजारी वायरींचा गुंता ठेवणाऱ्याला माझ्या बहिणीने काय म्हणावं ते मी लिहीत नाही. खोली रिकामी झाली तरी पेटीला जाळी लावावी आणि ती महिन्यातून एकदा झटकावी. बाहेर ४३ अंश असताना हवेवर चालणारा कोणताही पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. घरातला कूलर पेटीकडे वळवण्याचा प्रस्ताव मांडू नये. तो भाऊजींच्या खाटेकडेच राहणार, आणि तसाही ओल्या हवेचा झोत पेटीवर बरा नाही.

कलम ७. जुनं कार्ड स्वस्तात मिळत असेल तर आधी समोर बसून तासभर गेम चालवून पाहावा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली ढीगभर कार्डं बाजारात आली. विकणारा नेहमी म्हणतो, 'घरीच वापरलं.'

कलम ८. बिल जीएसटीचं घ्यावं आणि प्रोसेसर पेटीबंद घ्यावा, त्यावर तीन वर्षांची वॉरंटी असते. नागपूरला सीताबर्डीवर भाव बरा मिळेलही. पण एसटीचं भाडं आणि बिघडल्यावरची फेरी धरूनच यवतमाळच्या दुकानाशी तुलना करावी.

कलम ९. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच लावावी, मदरबोर्डाला नाही. 'मामा, नवं कार्ड चालूनच नाही राह्यलं' असा फोन करण्याआधी हे पाहून घ्यावं. आणि रात्री दहानंतर फोन करूच नये. त्या वेळी माझी रँकची मॅच असते.