प्रॉडक्टिव्ह भाऊ

तालुक्याच्या कुठल्याही गावात तहसील कचेरीच्या समोर, फार तर एक गल्ली सोडून, हे दुकान असतेच. पाटीवर झेरॉक्स, स्टेशनरी, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन फॉर्म एवढे सगळे मावते, आणि उरलेल्या बोटभर जागेत 'लग्नपत्रिका छापून मिळतील' हेही असते. दुकानाला नाव असते, पण ते वाचलेला माणूस सापडणे कठीण. मालकाला अख्खे गाव 'भाऊ' म्हणते. चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे वय, कानावर पेन, बोटांना टोनरची काळी पूड आणि डोळ्यांत, अलीकडे, एक वेगळीच चमक.

चमक यायच्या आधी भाऊ सुखी होता. नऊला दुकान उघडायचे, म्हणजे साडेआठ ते साडेनऊ यांतली कोणतीही वेळ त्याला नऊ वाटायची. शटर वर, उंबऱ्यावर पाणी, गणपतीला ओवाळलेली उदबत्ती गल्ल्यावरून एकदा फिरवायची आणि भवानी झाल्याशिवाय उधारीचे नाव काढू द्यायचे नाही. एवढ्या घटनेवर राज्य चालले होते. पण दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसते. अशा वेळी दुकानात बसलेला माणूस एकतर झोपतो, नाहीतर मोबाइल बघून प्रेरित होतो. भाऊ प्रेरित झाला.

पहिली सवय पहाटे पाचला उठण्याची. रॉबिन शर्मांचे 'द फाइव्ह ए. एम. क्लब' हे पुस्तक 2018 साली आले. भाऊने ते वाचलेले नाही. त्याचा सारांश एका व्हिडिओत ऐकला, तोही दीडपट वेगाने, कारण वेळ वाचवायचा होता. दुसऱ्या दिवशी पाचचा गजर झाला आणि भाऊ उठला. पण उठून करायचे काय? राज्य सरकारच्या कचेऱ्यांना 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हापासून समोरची कचेरी पावणेदहाला उघडते, आणि कचेरी उघडल्याशिवाय या देशात कोणालाही कशाचीही झेरॉक्स लागत नाही. मधल्या पावणेपाच तासांत यशस्वी माणसे काय करतात हे सारांशात होते, ते ऐकेपर्यंत भाऊचा डोळा लागला होता. शेवटी वहिनींनीच तोडगा काढला. "अहो, उठलाच आहात तर नळाला पाणी आलंय, तेवढं भरून घ्या." यशस्वी जीवनाचा पहिला लाभ घरच्या पिंपाला झाला.

दुसरी सवय कृतज्ञतेच्या वहीची. रोज सकाळी तीन गोष्टींबद्दल आभार मानून लिहायचे. भाऊ काउंटरवर कोपर टेकून हाताने लिहीत बसे आणि त्याच्या पाठीमागे यंत्र गरम होत असे. हे यंत्र ज्याच्या डोक्यातून निघाले तो चेस्टर कार्लसन पेटंटच्या कागदांच्या नकला करून करून कंटाळलेला माणूस होता. 22 ऑक्टोबर 1938 रोजी त्याने न्यूयॉर्कमधल्या ॲस्टोरियात पहिली कोरडी नक्कल काढली, ती हाताने पुन्हा पुन्हा लिहावे लागू नये म्हणून. भाऊच्या वहीत चौथ्या दिवसापासून 'कालच्याप्रमाणेच' एवढाच मजकूर आहे. कार्लसनला तो पटला असता.

मग फळा आला. पांढरा, मार्करचा. त्यावर चार चौकोन. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत अशी की, कामे तातडीची आणि महत्त्वाची अशी चाळून घ्यायची आणि महत्त्वाची पण तातडीची नसलेली कामे वेळ राखून पार पाडायची. आता भाऊच्या दुकानात येणारा माणूस बघा. अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म, मुदत आज पाच वाजता. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आलेले पेन्शनर, ज्यांना आपण हयात आहोत हे तातडीने सिद्ध करायचे असते. "भाऊ, साहेब उठायच्या आत पाहिजे" म्हणत सातबारा नाचवणारा शेतकरी. तातडीचा चौकोन अकरालाच भरला आणि उरलेली गर्दी फळ्याखालच्या भिंतीवर गेली. 'महत्त्वाचे पण तातडीचे नाही' या चौकोनात दोनच नोंदी होत्या: जीएसटी आणि शाळेची उधारी. पावसाळ्यापर्यंत त्या तिथेच सुखाने नांदल्या. पुढे हाताखालच्या पोराने फळ्यावर 'आधार दुरुस्ती येथे होत नाही' असा कागद चिकटवला. फळ्याचा खरा उपयोग सुरू झाला तो तेव्हापासून.

पण कळस केला तो टोमॅटोने. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन गृहस्थांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, अभ्यासासाठी स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ वापरले. पंचवीस मिनिटे एकच काम, मध्ये कशालाही थारा नाही, मग पाच मिनिटे विश्रांती. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचेही तेच नाव. भाऊने मोबाइलवर पंचवीस मिनिटे लावली आणि एका लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवायला घेतला. तिसऱ्या मिनिटाला काउंटरवर टकटक झाली.

"भाऊ, रेशनकार्डाच्या दोन कॉप्या."

"बावीस मिनिटं थांबा काकू, माझा टोमॅटो चालू आहे."

काकू थांबल्या नाहीत. भाऊने आता भाजीही ठेवायला सुरुवात केली आहे, ही बातमी मात्र आठवडी बाजारापर्यंत पोचली आणि पुढचे काही दिवस दोघे-तिघे येऊन भाव विचारून गेले.

इथे मला या सल्लागार मंडळींची थोडी कीव येते. त्यांच्या सगळ्या युक्त्या दार असलेल्या माणसासाठी आहेत. दार लावून घ्या, फोन बंद ठेवा, कोणाला आत येऊ देऊ नका, म्हणजे काम होते. भाऊला दार नाही, काउंटर आहे. तिथे मध्येच आलेला माणूस हेच काम, आणि त्याने आणलेला व्यत्यय हेच उत्पन्न. एका व्यत्ययाचे दोन रुपये, पाठपोट असेल तर तीन. ज्या दिवशी कोणीही व्यत्यय आणत नाही त्या दिवसाला दुकानदार मंदी म्हणतो.

म्हणून भाऊच्या डझनभर सवयींपैकी टिकल्या त्या दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत बसणाऱ्या. त्यातली एकही व्हिडिओतली नाही.

सकाळी यंत्र चालू करण्याआधी तो काच पुसतो. मऊ फडके, अर्धे मिनिट. पूर्वी काचेवर व्हाइटनरचा एक ठिपका बसला होता आणि त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक दाखल्यावर, प्रत्येक आधारकार्डाच्या फोटोत, गालावर एकाच जागी तीळ उमटला होता. दुसरी सवय झाकण उचलण्याची. कॉपी निघाली की गिऱ्हाइकाने हात पुढे करायच्या आत झाकण उचलायचे आणि मूळ कागद आधी त्याच्या हातात द्यायचा, पैसे नंतर. माणसे नकला घेऊन जातात आणि अस्सल विसरतात. भाऊच्या खणात एक जुना मिठाईचा खोका आहे. त्यात दहावीच्या गुणपत्रिका, जातीचे दाखले आणि एक विवाह नोंदणी प्रमाणपत्रही आहे, ज्याची चौकशी नवरा-बायको दोघांपैकी कोणीही अजून केलेली नाही. झाकणाची सवय लागल्यापासून खोक्यात नवी भर नाही.

कागदाचेही तसेच. पावसाळ्यात रिम उघडी राहिली की कागद ओल धरतो, वाकतो आणि यंत्रात अडकतो. अडकतो तोही नेमका रांग रस्त्यावर गेलेली असताना. आता उघडलेली रिम कपाटात जाते आणि शेवटून दुसऱ्या रिमवर एक लाल चिठ्ठी असते. चिठ्ठी हाताला लागली की लगेच घाऊक व्यापाऱ्याला फोन. पूर्वी कागद संपल्यावर फोन व्हायचा, म्हणजे दहावीच्या निकालाच्या दिवशी. टोयोटाच्या कारखान्यात अशाच चिठ्ठीवर माल मागवतात आणि तिला एक भारदस्त जपानी नाव आहे. मी ते भाऊला सांगितलेले नाही. सांगितले तर तो त्याचे व्हिडिओ बघत बसेल.

दुपारच्या चहाआधी रोज एक फोन उधारीचा. एकच, आणि तोही "सहज केला होता" या सुरात. पूर्वी तो मार्चअखेर सगळ्यांना एकदम फोन करून सगळ्यांशी एकदम भांडायचा. रोज एक म्हटल्यावर भांडणाला वेळच उरत नाही. शाळेचे बिल सुटले ते याच सुरावर.

आणि आठ वाजता शटर अर्धे खाली येते. गल्ल्यातली रोकड मोजायची, मोबाइलवर आलेली रक्कम तिच्याशेजारी लिहायची, दिवसाची खरेदीची बिले तारेत ओवायची. दर महिन्याच्या 20 तारखेपर्यंत जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असते. पूर्वी 19 च्या रात्री भाऊ पिशवी उपडी करून त्यात बिले शोधायचा आणि बिलांऐवजी डिंकाची बाटली सापडायची. गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली आधारकार्डे आणि पासबुके तो आठच्या हिशेबाबरोबरच संगणकावरून पुसतो. हे काम त्याने कोणाला सांगून केलेले नाही, पण माझ्या मते दुकानातले सर्वांत मोलाचे काम हेच. शेवटी उद्याचे पहिले काम एका ओळीत लिहून पेन कानावरून उतरते. सगळे मिळून पंधरा मिनिटे. पाचचा गजर अजूनही होतो, तो नळाच्या पाण्यासाठी.

तुमचा एखादा अस्सल कागद बरेच दिवस सापडत नसेल, तर तुमच्या गावच्या भाऊच्या खोक्यात एकदा बघून या. मात्र आठच्या आत जा. आठनंतर तो पैसे मोजत असतो आणि मध्येच कोणी बोलले की त्याला पहिल्यापासून मोजावे लागते.