काळानिळा साहेब

लंडनच्या क्लाएंटसाहेबांचा शुक्रवारी संध्याकाळी एका ओळीचा मेल आला : ‘आय ॲम लिव्हिड.’ मी डब्याची पिशवी खांद्याला लावून निघालोच होतो. घाईत नुसतं ‘लिव्ह’ तेवढं दिसलं. साहेब रजेवर चालले म्हणायचे! ‘एन्जॉय!’ असं उत्तर ठोकलं आणि कर्जत लोकल पकडली.

घाटकोपर यायच्या आत मॅनेजरचा फोन आला. तो काय म्हणाला ते इथे छापण्यासारखं नाही.

रात्री डिक्शनरी काढली. आपण कशात पाय घातला ते बघावं तरी! ‘लिव्हिड’ म्हणजे संतापलेला. मूळ शब्द लॅटिन, ‘लिव्हिदुस’. म्हणजे निळसर, मार लागून काळंनिळं पडलेलं. रोमन लोक मत्सरी माणसालाही हाच शब्द लावत. पंधराव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा होता निव्वळ रंग, शिशासारखा. त्याला राग आला थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. इतका सबुरीचा शब्द आमच्या ऑफिसात येऊन का भडकावा! स्लाव्ह भाषांत आलुबुखाराला ‘स्लिवा’ म्हणतात, तीही याची दूरची चुलतबहीण. आणि माणूस गेल्यावर रक्त खाली साकळून अंगावर जे जांभळट डाग उमटतात, त्यांना डॉक्टर ‘लिव्हॉर मॉर्टिस’ म्हणतात. हे वाचून मी पाणी प्यायलो.

गंमत म्हणजे खुद्द इंग्रजी वाचणाऱ्यांचाच या रंगावरून गोंधळ आहे. कुणाला लिव्हिड चेहरा पांढराफटक वाटतो, कुणाला लाल. त्यापेक्षा पेंटवाल्याचं शेडकार्ड बरं.

आई लसूण सोलत ऐकत होती. “म्हणजे साहेब रागाने काळानिळा झालाय, एवढंच ना? त्यासाठी एवढं जाडजूड बुक कशाला?”

मी गप्प. लॅटिनला जे उमगलं, ते आमच्या स्वयंपाकघरात आधीपासून होतं. मुका मार लागला की गुडघा काळानिळा, अपमान झाला की माणूस काळानिळा. गुडघ्याला आंबेहळद लावता येते, एवढाच काय तो फरक.

सोमवारी घरूनच व्हिडिओ कॉल होता. साहेब स्क्रीनवर आले. कपाळापासून कानाच्या पाळीपर्यंत उकडलेल्या खेकड्यासारखे. मी ‘सॉरी सर’ म्हणायला तोंड उघडलं, तोच मागून चहा घेऊन आलेली आई वाकली, चष्मा सारखा केला आणि म्हणाली,

“अरे, हे तर लालबुंद आहेत. काळेनिळे कुठायत?”

माइक चालू होता.